जागच्या जागी पक्के घर: येरवड्यातील महिला मिलनच्या गृहनिर्माण सेवेचे परीक्षण

पुण्यात येरवड्याच्या नेताजीनगर, यशवंतनगर, मदर तेरेसानगर अशा वस्त्यांमध्ये 2009 च्या सुमारास सुरू झालेल्या घरबांधणीची वास्तुरचनेच्या वर्तुळात बरीच दखल घेतली गेली. परंतु ज्या कुटुंबाला पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात जायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही नुसती वास्तुरचना नाही. ती एक सेवा आहे. तिच्यासाठी कुटुंब आपला हिस्सा भरते, कागदपत्रे देते, काही महिने भाड्याच्या खोलीत काढते आणि आपली उभी खोली दुसऱ्याच्या शब्दावर पाडू देते. म्हणून बँकेच्या किंवा इस्पितळाच्या सेवेबद्दल आपण जे प्रश्न विचारतो, तेच येथेही विचारले पाहिजेत: पैसे किती पडतात, त्या बदल्यात नेमके काय मिळते, अडचण आली तर कोणाच्या दारात जायचे आणि काय मिळतच नाही.

सेवा देणाऱ्या संस्थांची ओळख आधी करून घेऊ. फुटपाथवरील झोपड्यांच्या प्रश्नावर 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला आणि मुंबई महापालिकेचा झोपड्या हटवण्याचा अधिकार मान्य केला. त्याच वर्षी, 1984 मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा परिसरातील फुटपाथवासीयांची गणना केली होती. त्या ओळखीतूनच 1986 मध्ये फुटपाथवर राहणाऱ्या बायकांचे ‘महिला मिलन’ उभे राहिले. या दोन संस्थांना तिसरी जोड होती ती 1974 पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाची, म्हणजे जोकिन अर्पुथम यांच्या संघटनेची. रोजच्या रोज दोन-पाच रुपये गोळा करून बचत करायची, आपल्या वस्तीची मोजणी आपणच करायची आणि घर कसे हवे ते आपणच आखायचे, ही या तिघांची कामाची रीत. पुण्यातील महिला मिलन याच मुशीतून आले. 1999 नंतर रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना पुणे महापालिकेने वस्त्यांमध्ये सामुदायिक स्वच्छतागृहे बांधण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा बांधकामाचे कंत्राट सांभाळण्याचा पहिला मोठा सराव या बायकांना झाला. येरवड्याच्या वेळी त्या नवख्या नव्हत्या, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सामाजिक संस्थेचा हेतू चांगला असणे वेगळे आणि स्लॅब टाकण्याच्या दिवशी सिमेंटची पोती कमी पडणार नाहीत हे पाहता येणे वेगळे.

आता पैशाचे. केंद्र सरकारने डिसेंबर 2005 मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. त्यातील शहरी गरिबांसाठीच्या मूलभूत सेवांच्या उपक्रमातून, ज्याला वस्तीत सगळे नुसते ‘बीएसयूपी’ म्हणतात, येरवड्याच्या घरांना निधी मिळाला. एका घरासाठी सुमारे 3 लाख रुपये धरले होते. त्यातला निम्मा वाटा केंद्राचा, उरलेल्यातला मोठा राज्याचा, थोडा महापालिकेचा आणि साधारण 10 टक्के, म्हणजे 30 हजारांच्या आसपास, कुटुंबाचा. धुणीभांडी करणाऱ्या किंवा बिगारी कामावर जाणाऱ्या घराला हे पैसे एकरकमी काढणे सोपे नाही. येथे बचत गटाची सवय कामी येते. ज्या बाईचे बचतीचे पुस्तक आधीपासून चालू आहे, तिला हप्त्याने हिस्सा भरणे अंगवळणी पडलेले असते. जिचे नाही तिच्या मागे लागणारी गल्लीतलीच दुसरी बाई असते. बँकेच्या गृहकर्जाशी तुलना केली तर फरक लगेच ध्यानात येतो. बँक आधी पगाराची चिठ्ठी आणि जागेचे कागद मागते, आणि या कुटुंबांकडे नेमके तेच नसते. व्याजाचा डोंगर न होता स्वतःचे पक्के घर मिळण्याचा याहून स्वस्त मार्ग शहराच्या मध्यवर्ती भागात दुसरा नव्हता.

या पैशात मिळते 25 चौरस मीटरचे, म्हणजे साधारण 270 चौरस फुटांचे घर, आणि ते जेथे झोपडी होती तेथेच. ‘जागच्या जागी’ या अटीमुळे सगळे गणित बदलते. ज्याची जागा 270 चौरस फूट आहे त्याचे घर तळमजल्यावरच पुरे होते. जागा 135 चौरस फूट असेल तर वर एक मजला चढवावा लागतो, आणि 90 चौरस फुटांची असेल तर तीन मजल्यांची उभी मनोऱ्यासारखी वास्तू होते. शेजारी-शेजारी राहणाऱ्या कुटुंबांनी मिळून बांधले तर भिंत सामाईक होते, खर्च वाचतो आणि जिन्याची जागा शहाणपणाने ठरवता येते. अर्थात दोन शेजाऱ्यांचे एकमत होणे ही बांधकामापेक्षा कठीण गोष्ट आहे, आणि या सेवेतील खरे श्रम तेथेच खर्ची पडतात. कोणाचा ओटा किती पुढे आला आहे, कोणाच्या छपराचे पाणी कोणाच्या मोरीत पडते, ही भांडणे वर्षानुवर्षांची असतात. महापालिकेचा अभियंता ती सोडवू शकत नाही. त्या गल्लीत राहणारी, दोन्हीकडच्या लग्नाकार्यात वाढायला उभी राहिलेली बाईच ती सोडवू शकते.

आराखड्याची मूळ दिशा फिलिपे बालेस्त्रा आणि सारा योरान्सन या वास्तुरचनाकारांनी ‘स्पार्क’सोबत मांडली आणि प्रत्यक्ष घरोघरचे नकाशे पुण्याचे वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयाने केले. सुरुवातीला घराचे तीन नमुने होते. पहिल्यात तळमजला आणि एक मजला बांधून द्यायचा, पण पाया आणि खांब असे ठेवायचे की पुढे ऐपत आली की कुटुंबाने आणखी एक मजला चढवावा. दुसऱ्यात खालचा भाग मोकळा सोडायचा, म्हणजे तेथे गाडी लावता येते किंवा पुढे टपरी, शिवणकाम, छोटे दुकान काढता येते. तिसऱ्यात मोकळी जागा दोन मजल्यांच्या मध्ये. मला यांतला पहिला नमुना सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो कुटुंबाच्या वाढीचा विचार आधीच करून ठेवतो. मुलगा मोठा होतो, सून येते, आणि मग पत्र्याची शेड चढवण्याऐवजी पक्क्या खांबांवर रीतसर खोली उभी राहते.

या सेवेची एक गोष्ट जवळून सांगण्यासारखी आहे: कापडाचे घर. बांबू किंवा लाकडाची चौकट उभारून तिच्याभोवती कापड ताणायचे आणि प्रत्यक्ष मापाचे घर उभे करायचे. ही पद्धत महिला मिलनने मुंबईत 1980 च्या दशकातच रूढ केली होती. भायखळ्याच्या फुटपाथवरील बायकांनी आपल्या कल्पनेतील घर मांडताना 14 फूट उंचीची खोली आणि आत पोटमाळा अशी रचना सुचवली होती, कारण जमिनीवरची जागा कमी असली तरी उंची फुकट मिळते हे त्यांना रोजच्या राहणीतून ठाऊक होते. येरवड्यातही नकाशा कागदावर दाखवून अंगठा घेण्याऐवजी असे घर वस्तीत उभे केले गेले. त्याचे मोल त्यात शिरलेल्या माणसालाच कळते. नकाशावर ‘स्वयंपाकघर’ असे लिहिलेल्या चौकोनात बाई बसून पाहते, हात लांब करते आणि गॅसची टाकी येथे ठेवली तर दार उघडणार नाही हे तिला तेथल्या तेथे समजते. पाण्याचे पिंप कुठे, चूल-शेगडी कुठे, रात्री अंथरुणे कशी पडतील, पाहुणा आला तर कुठे निजेल, हे प्रश्न कापडाच्या भिंतीत विचारले जातात, विटांच्या भिंती उभ्या राहिल्यावर नाहीत. बांधकाम सुरू झाल्यावर भिंत हलवायची तर हजारो रुपये जातात. कापडाची कनात सुतळी सोडून हलवता येते. लाखो रुपयांचा फ्लॅट घेणाऱ्या ग्राहकालाही विकासक इतकी संधी देत नाही, आणि सर्वसाधारण गृहप्रकल्पांनी ही पद्धत उचलायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

बांधकामाची अवघड बाजूही पाहिली पाहिजे. वस्तीतील गल्ल्या अरुंद. कित्येक ठिकाणी दोन माणसांना एकमेकांना ओलांडताना अंग चोरावे लागते. तेथे वाळूचा ट्रक घरापर्यंत जात नाही. माल मुख्य रस्त्यावर उतरतो आणि घमेल्यातून डोक्यावर वाहून आत जातो. पाया खणायचा तर दोन्ही बाजूंची घरे उभी असतात, त्यांच्या भिंतींना धक्का लागता कामा नये. सळ्या कापायला, काँक्रीट कालवायला मोकळी जागा नसते, म्हणून कोणाचे तरी अंगण मागून घ्यावे लागते. एका मोकळ्या भूखंडावर शंभर घरांची इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराला हे काम नकोसे वाटणारच. तेवढ्याच पैशात त्याला त्रास कितीतरी जास्त. शिवाय पालिकेकडून रक्कम टप्प्याटप्प्याने येते, जोत्यापर्यंत काम झाले की काही, स्लॅब पडला की काही. म्हणजे तोपर्यंतचा खर्च बांधणाऱ्याने खिशातून करायचा. घराची धरलेली किंमत ठरलेली राहते आणि सिमेंट-पोलादाचे भाव मात्र वाढत जातात. नफ्यावर चालणारी संस्था अशा वेळी काम सोडते किंवा माल हलका वापरते. ‘स्पार्क’ने बांधकामासाठी वेगळी ना-नफा संस्था उभारलेली असल्यामुळे हा भार पेलला गेला, आणि लोकसंस्थेची गरज कोठे असते याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

याच योजनेतून पुण्यात वारजे आणि हडपसर येथे बहुमजली इमारतीही बांधल्या गेल्या आणि शहराच्या इतर भागांतील कुटुंबांना तेथे नेण्यात आले. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेतही शेवटी कुटुंब वर मजल्यावर जाते, फक्त बांधणारा विकासक असतो आणि त्याचा परतावा विक्रीच्या सदनिकांतून निघतो. घराचे क्षेत्रफळ या सगळ्या योजनांत जवळपास सारखेच असते. फरक आहे तो घराभोवतीच्या गोष्टींत. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला इडलीचे पीठ दळून विकता येत नाही, भाजीची टोपली दारात मांडता येत नाही, शेजारणीच्या भरवशावर मूल सोडून कामाला जाता येत नाही. लिफ्टची वर्गणी, पंपाचे वीजबिल, सोसायटीची देखभाल हे दरमहाचे खर्च मागे लागतात आणि ते थकले की घर विकून पुन्हा कोठेतरी झोपडी शोधण्याची वेळ येते. येरवड्यात जिना आपला, दार आपले, गल्ली तीच. मुलांची शाळा बदलत नाही, कामाची घरे तुटत नाहीत, रोजची भाजी घेणारी गिऱ्हाइके तशीच राहतात. वस्तीचे पुनरुज्जीवन म्हणजे जुने पुसून नवे उभे करणे नव्हे, हे येथे काम करून दाखवले गेले. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, आणि त्याला पूर्ण गुण द्यायला मी तयार आहे.

तरीही उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. योजना कच्च्या घरांसाठी होती. ज्याने पोटाला चिमटा काढून आधीच विटांच्या भिंती बांधल्या, तो अपात्र ठरला आणि त्याच्या शेजारी पत्र्यात राहिलेल्याला नवे घर मिळाले. नियमाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, कारण निधी मर्यादित होता. पण ज्याने स्वतःच्या बळावर सुधारणा केली त्याला योजनेने काहीच देऊ नये, हे मनाला पटत नाही. निदान त्याच्या घराला शौचालयाची आणि मलवाहिनीची जोडणी तरी याच वेळी द्यायला हवी होती. दुसरे, लाभ झोपडीमालकाला मिळतो, भाडेकरूला नाही. वस्तीतील खोलीत भाड्याने राहणारे कुटुंब बहुधा मालकाहूनही गरीब असते, आणि नवे घर झाल्यावर भाडे वाढले की तेच आधी बाहेर पडते. जागच्या जागी पुनर्विकासाची स्तुती करताना हा माणूस विसरला जातो.

तिसरी उणीव 270 चौरस फुटांच्या मर्यादेची. ज्याची जागा आधीच मोठी होती त्याला कापून घ्यावे लागले की काय, अशी धास्ती वस्तीत असणे साहजिक आहे. आणि ज्या घरात दोन विवाहित भाऊ राहतात तेथे एका घराच्या मापात दोन संसार बसत नाहीत. उभ्या घरांत जिना बरीच जागा खातो आणि तो चढा असतो. म्हाताऱ्या माणसाला खालीच झोपवावे लागते, आणि मोरी वर असेल तर त्याचे हाल होतात. घर निवडताना शौचालय तळमजल्यावरच ठेवण्याचा आग्रह प्रत्येक कुटुंबाने धरावा. याशिवाय, घर एकेकटे बांधले गेल्याने गल्ली रुंद होत नाही. दोन्ही बाजूंना दोन-तीन मजले चढले की खालच्या खोलीत दिवसाही दिवा लागतो. सुरुवातीला कल्पना होती ती शेजारच्या घरांचे गट करून मध्ये थोडी मोकळी जागा काढण्याची. ज्यांची घरे आधीच पक्की होती किंवा ज्यांना गटात यायचे नव्हते त्यांच्यामुळे बऱ्याच ठिकाणी ते जमणे अवघड होते. सक्ती केली नाही हे योग्यच झाले, पण त्याची किंमत उजेड-वाऱ्यात मोजावी लागते.

आणि शेवटची, माझ्या मते सर्वांत गंभीर, उणीव जमिनीच्या कागदाची. या सेवेने भिंती दिल्या, छप्पर दिले, शौचालय दिले. भिंतींखालच्या जमिनीची मालकी दिली नाही. रोजच्या जगण्यात त्याने अडत नाही. महापालिकेच्या आणि सरकारच्या पैशातून बांधलेले घर उद्या कोणी सहज पाडणार नाही, ही सुरक्षितता खरीच आहे. परंतु स्वतःच्या घराचा अर्थ तेवढ्यावर थांबत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवता येत नाही, वारसाहक्काने नाव लावताना अडचण येते, आणि वरचा मजला चढवायला बँकेचे कर्ज मागावे तर पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन थांबावे लागते. पुढच्या मजल्यासाठी खांब भक्कम ठेवले, पण त्यांवर बांधण्यासाठी लागणारा पैसा कागदाअभावी अडला, असे व्हायला नको होते.

जून 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेकडे पाहिले की हा मुद्दा अधिक ठळक होतो. त्या योजनेत स्वतः घर बांधणाऱ्या कुटुंबाला केंद्राकडून दीड लाख रुपयांचे साहाय्य मिळण्याची सोय होती, पण त्यासाठी जागा आपल्या नावावर असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे येरवड्यासारख्या वस्तीतील कुटुंब या मार्गाने जाऊच शकत नाही. ज्या योजनेला कागद लागत नव्हता तिची मुदत संपली, आणि जी चालू राहिली तिला कागद लागतो. ही पोकळी भरून काढणे अशक्य आहे असेही नाही. ओडिशाने 2017 मध्ये झोपडपट्टीवासीयांना जमिनीचे हक्क देणारा कायदा केला आणि ‘जगा मिशन’मधून वस्त्यांची मोजणी करून कुटुंबांच्या हाती हक्काचे दाखले दिले. त्या मोजणीतही वस्तीतील लोक आणि स्वयंसेवी संस्था बरोबर होत्या. महिला मिलनकडे घरोघरच्या मोजणीची सवय तेव्हापासून आहे, जेव्हा सरकारकडे या वस्त्यांचा धड नकाशाही नव्हता. तीच मोजणी हक्काच्या दाखल्यापर्यंत नेण्याची राज्य सरकारची इच्छा असती, तर येरवड्याचे काम खऱ्या अर्थाने पूर्ण झाले असते. हा दोष मी संस्थेच्या माथी मारत नाही, कारण जमिनीचा हक्क देणे तिच्या हातात नाही. पण सेवेचे परीक्षण करताना ग्राहकाला काय मिळाले नाही हे सांगणे माझे काम आहे.

असे काम आपल्या वस्तीत यावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी आवर्जून नोंदवतो. संस्था बाहेरून आली असेल तर तिच्याकडे वस्तीतील बायकांची समिती आहे का आणि हिशेबाची वही त्या समितीच्या ताब्यात असते का, हे पहिल्याच बैठकीत विचारावे. नकाशावर सही करण्यापूर्वी पूर्ण मापाचा नमुना, कापडाचा का होईना, उभा करून मागावा आणि त्यात घरातील सर्वांत वृद्ध माणसाला नेऊन पाहावे. भाड्याच्या खोलीत किती महिने काढावे लागतील आणि ते भाडे कोण भरणार, हे लेखी घ्यावे. आणि आपल्या हिश्शाचा पहिला हप्ता भरण्याआधी वस्तीखालील जमिनीचा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक काढून ठेवावे. जमीन महापालिकेची आहे, राज्य सरकारची आहे, रेल्वे-संरक्षण खात्याची आहे की खाजगी मालकाची, यावर पुढे हक्क मिळण्याचा मार्ग अवलंबून असतो. आणि घर बांधले जात असताना, म्हणजे अधिकारी रोज वस्तीत येत असताना, ती मागणी लावून धरणे जितके सोपे असते तितके ते नंतर राहत नाही.